शब्बाथ शाळेतून ग्रामसभेकडे

रविवारची उपासना आटोपली की तो बहुधा माझ्याकडे येतो. हातात काळ्या बांधणीचे पवित्र शास्त्र, त्यात खुणेसाठी घातलेला वर्तमानपत्राचा दुमडलेला कागद, आणि खांद्याला लावलेल्या पिशवीत माझ्याकडून नेलेले एखादे पुस्तक. दारातूनच तो 'सलाम, सर' म्हणतो. नगरकडच्या मराठी ख्रिस्ती मंडळींत एकमेकांस सलाम करण्याचा प्रघात जुना आहे. पण शहरातल्या माणसाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. आमच्या इमारतीच्या रखवालदाराने एकदा मला बाजूला घेऊन विचारले होते, 'साहेब, तो पोरगा मुसलमान आहे का?' मी नाही म्हणालो. 'मग सलाम का करतो?' या प्रश्नाचे उत्तर देण्यास शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास सांगावा लागला असता, म्हणून मी हसून विषय सोडून दिला. त्याला हे सांगितले तेव्हा तोही हसला. पण थोडा वेळ गप्प राहिला.

हा तरुण तेवीस वर्षांचा आहे. नगर जिल्ह्यातील, म्हणजे २०२४ पासून ज्याला अहिल्यानगर म्हणावयाचे त्या जिल्ह्यातील, एका लहान गावचा. पुण्यात राज्यशास्त्र घेऊन एम.ए. करतो, संध्याकाळी एका औषधाच्या दुकानात काम करतो आणि रात्री वाचतो. त्याच्याविषयी लिहावेसे वाटले याचे कारण तो असामान्य आहे हे नव्हे. आपल्या सार्वजनिक जीवनात ख्रिस्ती माणूस दोनच रूपांत दिसतो. एक तर हिंदी चित्रपटातला, गळ्यात क्रूस घालून मोडकी हिंदी बोलणारा. नाही तर धर्मांतराच्या वादात आकड्यांच्या रूपाने वावरणारा. घरात शुद्ध नगरी मराठी बोलणारा, भाकरीबरोबर ठेचा खाणारा, अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताची भजने म्हणणारा मनुष्य या दोन्ही चित्रांत बसत नाही, आणि म्हणून तो कोणाला दिसतच नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांची संख्या १० लाख ८० हजारांच्या घरात होती. शेकडा एकाहूनही ती किंचित कमी भरते. त्यातून मुंबई, वसई, कोकण वजा केले तर मराठवाड्यात, नगर-नाशकाकडे, सोलापुराकडे विखुरलेली जी मंडळी उरतात, त्यांची दखल घेण्याचे कारण कोणत्याही पक्षाला सहसा पडत नाही.

त्याचा दिवस इतर कोणत्याही गरीब विद्यार्थ्याच्या दिवसासारखाच आहे. खोलीत तिघे राहतात. एक गुरुवार करतो, दुसरा काहीच करीत नाही, हा सकाळी उठून दहा मिनिटे पवित्र शास्त्र वाचतो. दुधाचे पैसे कोणी द्यावयाचे यावरून होणारी भांडणे तिघांची सारखीच. रात्री गावाकडून आजीचा फोन येतो. ती रोज दोनच गोष्टी विचारते : जेवलास का, आणि प्रार्थना केलीस का. पहिल्या प्रश्नाला तो बहुतेक वेळा खोटे उत्तर देतो, दुसऱ्याला क्वचितच. रविवारी 'उपासना-संगीत' हे गीतांचे पुस्तक घेऊन देवळात जातो. हो, देवळातच, त्याच्या घरी चर्च हा शब्द कोणी वापरीत नाही. पेटी-तबल्यावर गीते होतात. त्यांतली कित्येक रेव्हरंड नारायण वामन टिळकांची. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेने मी ख्रिस्ताकडे आलो, अशी टिळकांची भूमिका होती. त्याच्या कानावर लहानपणापासून जे पडले त्यात म्हणून इंग्रजी सूर फार थोडे. नाताळात घरी केक असतो की नाही याची खात्री नाही. करंज्या, शंकरपाळे आणि चकल्या मात्र असावयाच्याच, आणि त्या ताटातून साऱ्या आळीत वाटावयाच्या.

तरीही एक फरक आहे आणि तो दिवसातून एकदा तरी त्याच्या वाट्याला येतो. त्याचे नाव पवित्र शास्त्रातले, आडनाव गावकुसाकडचे. नवा माणूस हे दोन्ही एका दमात ऐकतो आणि थबकतो. 'म्हणजे तुम्ही नेमके कोण?' असा प्रश्न येतो. तो मला एकदा म्हणाला, "सर, या प्रश्नातला 'नेमके' हा शब्द जातीचा असतो. ख्रिस्ती म्हटल्याने त्यांचे समाधान होत नाही. त्याच्या आधीचे काय, ते त्यांना हवे असते." पुण्यात खोली शोधताना दोन ठिकाणी बोलणी नावापर्यंत आली आणि तेथेच थांबली. नकाराचे कारण कोणी सांगितले नाही. एका घरमालकाने तर चहाही पाजला. या गोष्टी तो रागाने सांगत नाही. पण सांगतो, आणि आताशा त्यांची संगती लावू पाहतो. त्याच्या राजकारणाचा आरंभ कोठून झाला म्हणाल, तर मला वाटते या 'नेमके' शब्दापासून झाला.

परंतु त्याआधी त्याच्या वाचनाविषयी सांगितले पाहिजे.

त्याचे आजोबा मिशनच्या शाळेत शिक्षक होते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे केले. ११ वर्षांनी, १८४२ मध्ये, तेथूनच 'ज्ञानोदय' निघाला. आजोबांच्या लोखंडी पेटीत 'ज्ञानोदया'चे काही जुने अंक, एक पंचांगासारखे झिजलेले गीतपुस्तक आणि पहिली-शेवटची पाने गळालेले 'स्मृतिचित्रे' होते. शब्बाथ शाळेत वचने पाठ म्हणून दाखविल्याबद्दल मिळालेली चित्रांची पुस्तके तीही त्याच पेटीत. दुपारी आजी ओट्यावर बसून लक्ष्मीबाई मोठ्याने वाची आणि शेजारच्या बाया, ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती, ऐकत. मराठीच्या प्राध्यापकांनी 'स्मृतिचित्रां'वर पुष्कळ लिहिले आहे, मीही वर्गात वर्षानुवर्षे बोललो आहे; पण या पुस्तकाचा खरा वाचकवर्ग कोठे होता हे त्या ओट्याचे वर्णन ऐकून मला उमगले. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधल्या पाच वर्षांत ती स्त्री नवऱ्यावाचून राहिली, सोवळे सांभाळीत राहिली, आणि मग ते सोवळे एकेका पायरीने गळत गेले. तिला धर्म कोणी पटवून दिला नाही, तो तिने आपल्या हाताने तपासून घेतला. आजीला हा भाग तोंडपाठ आहे.

पुण्यास आल्यावर त्याने हे पुस्तक पुन्हा वाचले, या वेळी सगळी पाने असलेले. पाठोपाठ बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' वाचले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून १८५७ च्या त्या पुस्तकाचे नाव आपण घेतो, वाचीत मात्र कोणी नाही. त्याने ते दोनदा वाचले. पंडिता रमाबाईंविषयी जे मिळाले ते वाचले. फादर स्टीफन्सचे १६१६ मधील 'क्रिस्तपुराण' हाती घेतले, पण दोन-तीन अवस्वरांपुढे गेला नाही. ते मी त्याच्या नावे मांडीत नाही, मलाही ते एका बैठकीत कधी वाचवले नाही.

एका रविवारी तो आला तो प्रश्न घेऊनच. "सर, टिळक ब्राह्मण. लक्ष्मीबाई ब्राह्मण. रमाबाई ब्राह्मण. पदमनजी कासार. मोठी माणसे आहेत, मला त्यांचा अभिमान आहे. पण सत्त्याहत्तरच्या दुष्काळात ज्यांनी बाप्तिस्मा घेतला ते माझे खापरपणजोबा या कपाटात कोठे आहेत?"

मला उत्तर देता आले नाही. मिशनच्या वार्षिक अहवालांत ते आहेत. पण संख्येच्या रूपाने. अमुक गावी अमुक जण घेतले गेले, एवढेच. शेकडो महार आणि मांग कुटुंबे त्या काळात ख्रिस्ती झाली. गावाने त्यांना पोटासाठी बाटलेले म्हटले, मिशनऱ्यांनी आपल्या देशी कळविताना तारण पावलेले म्हटले. त्यांना स्वतःला काय वाटत होते हे लिहून ठेवण्याइतके अक्षर त्या पिढीच्या हाती नव्हते. लक्ष्मीबाईंच्या लेखणीतला मनमोकळेपणा आपल्याला मोहवितो. पण काही सोडून यावयास आधी काही असावे लागते. ज्याला गावाने पाणवठ्यावर कधी चढूच दिले नाही, त्याच्या धर्मांतराची कथा सोवळ्याच्या भाषेत कशी सांगता येईल?

मी त्याला दया पवारांचे 'बलुतं' दिले. १९७८ चे पुस्तक, आणि लेखक त्याच्याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातला. ते त्याने एका रात्रीत संपविले. 'गावांची नावेसुद्धा ओळखीची निघाली,' म्हणाला. आणि त्यानंतर मी त्याला महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या डॉ. आंबेडकरांच्या लेखन-भाषणांचा १९८९ सालचा पाचवा खंड दिला. दिला खरा, पण देताना मन थोडे कचरले. त्या खंडात ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांविषयी जे लिहिले आहे ते ख्रिस्ती वाचकाला सुखाचे नाही. मिशनऱ्यांनी शाळा व दवाखाने काढून जे काम केले त्याचे श्रेय बाबासाहेब देतात. पण धर्मांतराने जात गेली का, असा रोखठोक सवाल करतात आणि उत्तर नकारार्थी देतात. हिंदू धर्मात राहिलेला अस्पृश्य हक्कांसाठी झगडतो आहे, ख्रिस्ती झालेला मात्र स्वस्थ बसला आहे; या समाजात एकजीवपणा नाही, आणि मिशनवर अवलंबून राहिल्याने राजकीय चळवळीची त्याला सवयच राहिली नाही, असे त्यांच्या म्हणण्याचे तात्पर्य. पुस्तक परत आले तेव्हा त्या पानांच्या कडेला शिसपेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. ग्रंथ दुसऱ्याचा असताना रेघा ओढू नयेत हे मी त्याला सांगितले नाही.

त्याच्या घरातच या प्रश्नाचा दाखला आहे. खापरपणजोबा दोघे भाऊ. थोरल्याने दुष्काळात बाप्तिस्मा घेतला, धाकटा पूर्वीच्याच समाजात राहिला. त्याच्या वंशजांनी १९५६ नंतर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आज दोन्ही घरे एकाच वस्तीत, एकाच आडनावाची, एकमेकांच्या लग्नामयतीला हजर राहणारी. भावकी अजून तुटलेली नाही. गाव दोघांनाही एकाच नजरेने पाहते. पाराजवळच्या हॉटेलात पूर्वी दोघांचे कप वेगळे असत, हे आजी सांगते. पण शासनाच्या दप्तरी दोघे एक नाहीत. त्याच्या वयाचा भावकीतला चुलतभाऊ अनुसूचित जातीचा दाखला दाखवून शिकला आणि पुढे ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवरून निवडूनही आला. याला तो दाखला मिळत नाही, ती जागा लढविता येत नाही, आणि उद्या जातीवरून कोणी अंगावर आले तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा आधारही घेता येत नाही.

हे असे का, याचा शोध घेता घेता तो राज्यघटनेपर्यंत पोचला, आणि त्या शोधात मलाही पुष्कळ शिकवून गेला. राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींविषयीचा आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने, शिखांतील मोजके अपवाद वगळता, हिंदूंव्यतिरिक्त इतर धर्म मानणाऱ्या कोणालाही अनुसूचित जातीचा मानले जाणार नाही असे ठरविले. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. महाराष्ट्र शासनाने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना १९६० पासूनच दिल्या होत्या, हे त्या सरकारला भूषणावह आहे. ख्रिस्ती आणि मुसलमान मात्र बाहेर राहिले ते राहिलेच. येथवर पुष्कळांना ठाऊक असते. त्याने मला दाखविले ते याहून मागचे. १९३६ च्या ब्रिटिश आदेशातही भारतीय ख्रिस्ती व्यक्ती अनुसूचित जातीत धरली जाणार नाही, अशी तरतूद होती. तेव्हा त्याला निदान एक तर्क होता : भारतीय ख्रिस्ती समाजाला १९३५ च्या कायद्याने कायदेमंडळांत स्वतंत्र जागा दिल्या होत्या. एकाच माणसाला दोन ठिकाणी मोजता येत नाही.

पुढे काय झाले? संविधानसभेचे उपाध्यक्ष डॉ. हरेंद्रकुमार मुखर्जी हे बंगाली ख्रिस्ती गृहस्थ. अल्पसंख्याकांविषयीच्या उपसमितीचे अध्यक्षही तेच. फादर जेरोम डिसूझा हे दुसरे प्रमुख ख्रिस्ती सभासद. १९४९ च्या मे महिन्यात धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागा सोडून देण्याचा निर्णय झाला, त्यात या मंडळींचा पुढाकार होता. राष्ट्राच्या ऐक्यासाठी त्यांनी केलेला हा त्याग थोर होता असे आपण म्हणतो, आणि म्हणावेच. पण १५ महिन्यांनी निघालेल्या आदेशात ख्रिस्ती दलिताला वगळण्याची जुनी तरतूद नव्या रूपात तशीच राहिली. ज्या कारणाने ती तरतूद १९३६ मध्ये समर्थनीय ठरली असती ते कारणच आता उरले नव्हते. "सर, सोडले ते मोठ्या घरच्यांनी, आणि गेले ते आमचे," हे त्याचे वाक्य मला थोडे अन्यायाचे वाटते. मुखर्जींना पुढचा आदेश दिसत नव्हता. पण त्याच्या बोलण्यात तथ्य नाही असेही म्हणवत नाही.

यावर जी उत्तरे दिली जातात ती त्याला माहीत आहेत. ख्रिस्ती धर्मात जात नाही, मग जातीची सवलत कशाला, हे पहिले. पण शीख धर्मातही जात नाही आणि बौद्ध धम्मात तर नाहीच नाही. धर्मग्रंथात काय आहे हा निकष असेल तर तो सर्वांना सारखा लावावा. गावात काय आहे हा असेल, तर गावात जाऊन पाहावे. न्यायालयासमोर हा प्रश्न आला तो एका चांभाराच्या निमित्ताने. मद्रासच्या रस्त्यावर बसून जोडे शिवणाऱ्या ख्रिस्ती कारागिराला, तो मूळचा आदिद्राविड असूनही, सरकारी योजनेतली टपरी नाकारण्यात आली. शेजारी बसणाऱ्या हिंदू कारागिरांना ती मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली त्याची याचिका फेटाळली. धर्मांतरानंतरही जात चिकटून राहते एवढे दाखविणे पुरेसे नाही, नव्या धर्मातही तिच्यामुळे येणाऱ्या अडचणी तितक्याच तीव्र आहेत हे पुराव्याने सिद्ध झाले पाहिजे, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. मग पुरावा गोळा करण्याचे काम आले. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये आपला अहवाल दिला आणि तो तिसरा परिच्छेद रद्द करून अनुसूचित जातीचा दर्जा धर्मापासून अलग करावा अशी शिफारस केली. आयोगाच्या सदस्य-सचिवांनी मात्र भिन्नमत नोंदविले. अहवाल संसदेपुढे आला २००९ च्या अखेरीस, आणि सरकारने तो स्वीकारला नाही. २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आणखी एक आयोग नेमण्यात आला.

दुसरे उत्तर अधिक अवघड आहे, कारण ते त्याच्या भावकीतून येते. आधीच अपुऱ्या असलेल्या जागांत आणखी वाटेकरी का घ्यावेत, असे त्याचा चुलतभाऊच त्याला विचारतो, आणि हा प्रश्न दुष्टपणाचा नाही. ज्यांनी शतकानुशतके काही मिळविले नाही त्यांना मिळालेल्या पहिल्या तुकड्याची धास्ती वाटणारच. माझे स्वतःचे मत असे की दर्जा द्यावा आणि त्या प्रमाणात जागाही वाढवाव्यात. ५० टक्क्यांच्या मर्यादेकडे बोट दाखवून हा प्रश्न एका गरिबाने दुसऱ्या गरिबाशी सोडवावा असे म्हणणे हे राज्यकर्त्यांचे सोयीचे शहाणपण आहे.

तिसरे उत्तर त्याच्या मंडळीतून येते आणि ते सर्वांत जड. जातीचा दाखला मागावयाचा म्हणजे आपल्यातही जात आहे हे उघड कबूल करावयाचे. लग्ने कोणत्या घरांत जुळतात, पंचकमिटीवर कोण निवडून येतात, दफनभूमीत कोणाच्या कबरी कोणत्या बाजूला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण वेदीपाशी प्रभुभोजनाचा प्याला एक आहे म्हणून बाकीचे बोलावयाचे नाही. तो ते बोलतो, आणि म्हणून काही वडीलधाऱ्यांना नकोसा झाला आहे. गावच्या पाळकसाहेबांनी त्याला समजावले. राजकारण ही जगिक गोष्ट आहे, अधिकाऱ्यांच्या अधीन राहावे असे पौलाने रोमकरांस लिहिले आहे, तू आपले शिक्षण पाहा. पाळकसाहेब भले गृहस्थ आहेत; वस्तीवर दगड पडावेत असे त्यांना वाटत नाही, त्यात वावगे काय? याने आदराने ऐकून घेतले आणि विचारले, "पण साहेब, त्याच पौलाला शिपाई फटके मारणार होते तेव्हा त्याने आपण रोमी नागरिक असल्याचे सांगितलेच ना? आणि पुढे कैसराकडे दाद मागितली ना?" प्रेषितांच्या कृत्यांतील ही प्रकरणे शब्बाथ शाळेत याच पाळकसाहेबांनी त्याच्याकडून पाठ करून घेतली होती.

ख्रिस्ती माणसाला राजकारण वर्ज्य, ही समजूत आली कोठून, याचे मला नवल वाटते. १८८९ च्या मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात ज्या थोड्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून बसल्या त्यांत पंडिता रमाबाई होत्या. लोकमान्यांचे निकटचे सहकारी आणि होमरूल लीगचे अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा, ज्यांना मुंबईचे कामगार काका म्हणत, ते माझगावच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरातले. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडले आणि बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तभक्तांचा 'देवाचा दरबार' उभा करू पाहिला. त्यात भक्तीइतकाच स्वदेशीचा आग्रहही होता. जॉर्ज फर्नांडिस पाद्री होण्यासाठी बंगळूरच्या धर्मशाळेत गेले होते. तेथील वरिष्ठांचे जेवण विद्यार्थ्यांहून वेगळे व चांगले असे, हे पाहून आपला भ्रमनिरास झाल्याचे त्यांनी पुढे सांगितले आहे. तेच जॉर्ज १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडून लोकसभेत गेले. ताटातला फरक पाहून राजकारणात आलेला हा माणूस माझ्या तरुण मित्राला विशेष जवळचा वाटतो. जॉर्ज यांच्या उत्तरायुष्यातील राजकारण मात्र त्याला उलगडत नाही. मला तरी कोठे उलगडले आहे?

एवढे सारे वाचून त्याने केले काय, असे कोणी विचारील. त्याने केलेली गोष्ट फार लहान आहे. गावच्या ख्रिस्ती दफनभूमीची भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी कोसळली. डुकरे आत शिरतात, एका बाजूने ट्रॅक्टरची वाट पडली आहे, आणि ती वाट आजोबांच्या कबरीपासून दहा हातांवरून जाते. दर निवडणुकीत उमेदवार नाताळच्या सुमारास येतात, मेणबत्ती लावतात आणि भिंतीचे आश्वासन देऊन जातात. वडीलधारी मंडळी हात जोडून आभार मानतात. याने माहितीच्या अधिकारात अर्ज केला आणि भिंतीचे काम का झाले नाही, एवढेच विचारले. महिन्याभराने उत्तर आले : सातबाऱ्यावर जागा जुन्या मिशनच्या न्यासाच्या नावे आहे, त्या न्यासाची संमती असल्याखेरीज पंचायतीला खर्च करता येत नाही. म्हणजे इतकी वर्षे आश्वासन देणाऱ्यांपैकी कोणी सातबारा काढूनसुद्धा पाहिला नव्हता. आणि आश्वासन घेणाऱ्यांनीही नाही, हे तोच पुढे म्हणाला.

आता त्याने न्यासाच्या हयात विश्वस्तांचा पत्ता लावला आहे. एक वृद्ध गृहस्थ सही करावयास तयार आहेत, दुसऱ्यांना भेटावयाचे आहे. त्यासाठी तो दुकानातून दोन दिवसांची रजा काढून जाणार. प्रकरण १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मांडावयाचे आहे. ग्रामसभेत बोलण्याचा अधिकार त्याला आहेच, पण विषय लावून धरावयास पंचायतीत आपला कोणी सभासद हवा. आजीने हे ऐकताच फोन मागून घेतला आणि भावकीतल्या त्या चुलतभावाला बोलाविले. राखीव जागेवरून निवडून आलेला तो मुलगा संध्याकाळी येऊन ओट्यावर बसला, चहा घेतला, सातबाऱ्याचा कागद उलटासुलटा करून पाहिला. 'थोरले आबा तिथेच आहेत ना?' असे त्याने विचारले आणि विषय मी लावतो म्हणाला. राखीव जागांच्या वाटणीवर त्या दोघांचे मत अजून जुळलेले नाही.

गेल्या रविवारी तो नेहमीच्या वेळी आला, नहेम्याचे पुस्तक पुन्हा वाचतो आहे म्हणाला. यरुशलेमेच्या पडलेल्या तटाची पाहणी नहेम्याने रात्री, कोणाला न सांगता केली, ही गोष्ट त्याला आता निराळी वाटू लागली आहे. जाताना त्याने माझ्याकडून ग्रामपंचायत अधिनियमाची प्रत नेली. ती जुनी आहे, त्यात अलीकडच्या दुरुस्त्या नाहीत, हे मी त्याला सांगितले. 'दुरुस्त्या मी बघून घेतो, सर,' असे म्हणून तो जिना उतरला, आणि खाली रखवालदाराने त्याला आपण होऊन सलाम केल्याचे मला गॅलरीतून ऐकू आले.